कोपरा फाडलेलं पत्र

ही गोष्ट आजवर कुणालाच सांगितलेली नाही – बायकोलाही नाही. तिच्याशी लग्न व्हावं म्हणूनच तर ते सगळं केलं, मग तिला कोणत्या तोंडानं सांगणार? तुमची-माझी ओळख नाही, म्हणून जरा सोपं जातंय.

कुंदाताई माझी थोरली बहीण. तिनं यूसुफभाऊंशी लग्न केलं आणि नागपूरला संसार थाटला. आम्ही अमरावतीचे. बाबा गेलेले, त्यामुळे घरातला कर्ता पुरुष मी – कर्ता कसला, नुकती नोकरी लागली होती आणि मिशीला पीळ भरत होतो. ताईनं या घरात पाय ठेवायचा नाही, असं मीच बजावलं होतं. तिच्या पत्रांना तेवढी मुभा होती. आईला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवायचो. मग ती पत्र हातात घ्यायची, अक्षरांवरून बोट फिरवायची आणि तांदळाच्या डब्यात ठेवून द्यायची.

मग दंगल झाली. ताई-यूसुफभाऊंना कुठलाच मोहल्ला आपलं म्हणेना. घरमालकानं खोली सोडायला सांगितली, दुसरी कोणी देईना. यूसुफभाऊंचा मावसभाऊ कॅनडात होता. त्यानंतरच्या प्रत्येक पत्रात तेच – कागदपत्रं, व्हिसा, तिकडची थंडी. आई सगळं ऐकून घ्यायची आणि एवढंच विचारायची, "तिथून माहेरी याले किती दिस लागते रे?"

मी पत्राची घडी घालून तिच्या हातात द्यायचो.

शेवटी एक साधं पोस्टकार्ड आलं. घाईत लिहिलेलं. गुरुवारी मुंबईच्या गाडीनं निघतोय, गाडी बडनेऱ्याला थांबते. घरी येत नाही, तुझा शब्द मोडत नाही. फक्त आईला फलाटावर घेऊन ये, माझ्या पोरीला एकदा तिच्या हातात देते.

त्याच दिवसांत माझी अकोल्याची सोयरिक जुळत आली होती. बहिणीशी आमचा काही संबंध उरलेला नाही, असं मी त्यांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो. बडनेऱ्याच्या फलाटावर कोणी ना कोणी ओळखीचं भेटतंच. ताईला पोचवायला येणाऱ्या तिच्या बुरख्यातल्या नणंदा-जावांमध्ये आईला रडताना कुणी पाहिलं असतं तर? – हो, एवढंच कारण. दंगलीचं निमित्त सांगता आलं असतं, पण शहर केव्हाच शांत झालं होतं, रिक्षा सुरू होत्या.

आई अंगणात कुरडया घालत होती. पोस्टमन मला कार्ड देऊन गेला, ते तिनं पाहिलं होतं. काही आलं नाही म्हणायची सोय नव्हती. मी पाठमोरा झालो आणि – कार्डाचा कोपरा फाडला.

आमच्याकडे मरणाची बातमी अशीच यायची, कोपरा फाडलेल्या कार्डावर. ते दाराबाहेरच वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. अक्षर न कळणाऱ्यालाही एवढं कळायचं.

"कोन गेलं रे?" आईनं विचारलं.

"चांदूर रेल्वेकडचा भाऊबंद. बाबाच्या नात्यातला. तुले नाही मालूम."

ती हळहळली. हातातलं काम तसंच टाकून सुतकाची आंघोळ करायला गेली. जिवंत लेकीच्या पत्रासाठी माझी आई डोक्यावरून पाणी घेत होती आणि मी दारात कार्डाचे तुकडे करत होतो. बाहेर आल्यावर म्हणाली, "तूबी आंघोय कर." मी केली. खरंच केली.

गुरुवारी मी ऑफिसात होतो.

कॅनडातून ताईचं पत्र आलं: आईनं यायला नकार दिला का रे? तेवढं वाक्य गाळून मी बाकीचं वाचलं. आईनं उत्तर सांगितलं, "लिव तिले, मले न भेटता काहून गेली?" तेही गाळलं. आई मजेत आहे, असं लिहिलं. दोघी एकमेकींना एकच गोष्ट विचारत होत्या आणि मधे मी बसलो होतो. पुढं किती वर्षं बसलो!

आई दर उन्हाळ्यात कुंदाच्या वाटच्या कुरडया वेगळ्या काढायची. येईल तेव्हा नेईल म्हणायची. पुढच्या उन्हाळ्यात त्या आम्हीच तळून खायचो. ताईचं येणं एकदाही जमलं नाही – की तिनं जमवलं नाही? न भेटलेल्या आईकडे कोणत्या आशेनं यायचं? आणि नातीचा चेहरा आईनं फोटोतच पाहिला.

आता आई नाही. गेल्या महिन्यात तिच्या वर्षश्राद्धाला ताईचा फोन आला. इतकी वर्षं तिकडं राहूनही बोली तीच आहे. थोडं इकडचं-तिकडचं झालं, मग म्हणाली, "मी आईले कवाच माफ केलं रे. तिचीबी काही मजबुरी असन."

मी म्हणालो, "हो, असन."