आधी नाव, मग हात

जैनबआक्का माणसाला हात लावण्याआधी आपलं नाव सांगायची. रोगी शुद्धीत असो की ग्लानीत, नवा असो की महिनाभर खाटेला खिळलेला, तिच्यात फरक पडत नसे. "अव्वा, मी जैनब. तुझी कूस बदलतो." किंवा, "मी जैनब. पाठ पुसतो, पाणी कोमट हाय." एवढं बोलून झाल्यावरच ती पदर खोचून पुढे व्हायची. एकदा एक म्हातारी आमच्यासमोर गेली. तिचे उघडे राहिलेले डोळे मिटवण्याआधीसुद्धा आक्काने तिला वाकून नाव सांगितलं. मी म्हटलं, "आक्का, आता तिला काय कळतंय?" त्यावर ती म्हणाली, "तिला कळतंय का न्हाय, हे तुला कळतंय व्हय?"  

कोल्हापुरात तेव्हा महाराजांचं राज्य होतं आणि दरबारच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात आक्का आया होती. मूळची नेसरीकडची. त्या बाजूला कानडी जवळ, म्हणून म्हातारी दिसली की तिच्या तोंडी 'अव्वा' यायचं, आणि आमच्याकडच्या बायकांसारखी तीही स्वतःबद्दल 'करतो', 'जातो' असंच बोलायची. नवरा पिंजारी. आयुष्यभर कापूस पिंजून त्याच्या छातीत तंतू बसले आणि तो अंथरुणाला लागला. आक्काने तीन वर्षं त्याचं सगळं केलं. शेवटी त्याला या दवाखान्यात आणलं, तेव्हा डॉक्टरसाहेबांनी आधी त्याची पाठ पाहिली. तीन वर्षं पडून असलेल्या माणसाच्या पाठीवर एक फोड नव्हता. नवरा गेला, आणि दिवस झाल्यावर डॉक्टरसाहेबांनी तिला बोलावून कामावर घेतलं. येताना तिने नवऱ्याच्या हातच्या कापसाच्या आठ-दहा लहान उशा आणल्या. त्या ती रोग्यांच्या टाचांखाली ठेवायची. डोक्याखालच्या उशीची काळजी घरचे घेतात, टाचांकडे कोण बघतं, असं तिचं म्हणणं.

माझी तिची पहिली भेट मात्र गोड म्हणता येणार नाही. मी उचगावच्या शेतकरी घरातली सून. लग्नाला दोन वर्षं झालेली. सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आत्याबाईंच्या, पोटात गाठ झाली आणि डॉक्टरसाहेबांनी क्लोरोफॉर्म देऊन ती काढली. जवळ एका बाईला बसू देत, म्हणून मला बसवलं. आत्याबाई शुद्धीवर आल्या, तशी आक्का आली. आधी त्यांना नाव सांगितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उद्या डॉक्टर सांगंपातूर पोटात काय जायचं न्हाय. पानीबी न्हाय. हे फडकं घे, तांब्यात बुडव, ओठ ओले कर. ओठ, घोट न्हाय. ध्यानात ऱ्हाईल?" मी मान हलवली. इतक्या मोठ्या आवाजात बोलणारी बाई मी माहेरीही पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई खाटेवरून पडली आणि आक्का तिकडे धावली. इकडे आत्याबाईंनी माझा हात धरला. त्यांची जीभ टाळ्याला चिकटली होती. "पानी दे गं पोरी," म्हणाल्या. मी ओठांना फडकं लावलं, तर त्यांनी ते दातांत धरलं. मग म्हणाल्या, "मी हितनं गेलो तर गावात काय सांगशील? सासू पानी मागत हुती, म्या दिलं न्हाय?"

आता कुणाला हे हसण्यावारी न्यावंसं वाटेल. पण आमच्याकडे दारात आलेल्या परक्यालाही आधी तांब्या मिळतो, आणि मी सासूला पाणी नाकारत होते. उचगावच्या सगळ्या बायका माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. मी इकडेतिकडे पाहिलं आणि पाणी दिलं. एक भांडं संपलं, दुसरं दिलं. तांब्या पुन्हा झाकून ठेवला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बसले.

थोड्याच वेळात आत्याबाईंना उलट्या सुरू झाल्या. एकेका उलटीला टाक्यांवर ताण पडून त्या कळवळत होत्या. डॉक्टरसाहेब आले, नाडी पाहिली, पोट पाहिलं. मामंजी आणि माझे यजमान दारात उभे होते. "आत काहीतरी बिनसलंय," डॉक्टरसाहेब म्हणाले. "पोट पुन्हा उघडावं लागेल. दुसऱ्यांदा क्लोरोफॉर्म झेपेल की नाही, सांगता येत नाही."  मी खांबाला टेकून उभी होते. माझ्या दोन भांड्यांपायी आत्याबाई पुन्हा टेबलावर जाणार होत्या, तिथून कदाचित परत येणार नव्हत्या, आणि ते एकट्या मला ठाऊक होतं. तरी तोंड उघडत नव्हतं. सासऱ्यांसमोर मी कधी मान वर करून बोललेले नव्हते.

तेवढ्यात आक्का पुढे आली. "साहेब, एक सांगतो. हितला तांब्या मी सकाळी काठोकाठ भरून, झाकून ठिवलाता. आता निम्मा हाय. फडकं ओलं करायला येवढं पानी लागत न्हाय. ते कुठं गेलं, मी बघितलं न्हाय. मी तिकडं गेलतो. तांब्या संगं न्यायला पायजे हुता, न्हेला न्हाय. ती चूक माझी."

"पाणी कोणी दिलं?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"जे बघितलं न्हाय, ते मी सांगत न्हाय," आक्का म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बहुधा मी रडून वेळ मारून नेली असती. पण एवढी मोठ्या तोंडाची बाई भर वॉर्डात 'चूक माझी' म्हणून उभी होती आणि तिच्यामागे मी लपले होते. याची मला लाज वाटली, आणि ती लाज भीतीपेक्षा जास्त निघाली.

"मी दिलं," मी म्हणाले. "दोन भांडी."

 डॉक्टरसाहेबांनी स्टूल ओढलं, नाडीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "थांबू. पोट आत्ताच उघडायला नको." उन्हं कलायच्या आत उलट्या थांबल्या. आत्याबाई वाचल्या, आणि पुढे वीस वर्षं जगल्या.

मामंजींनी मला काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आक्काने मात्र मला नळावर गाठलं. मला वाटलं, हीही आता फैलावर घेणार. ती हात धूत म्हणाली, "पानी दिलंस ती चूक. सांगितलंस ते काम. चूक हितं समद्यांकडनं होती. ज्याला सांगता येतं, त्यालाच मी रोग्याला हात लावू देतो." मग हात पदराला पुसत, "काम शिकनार असशील तर ये की कवातरी." मी ते बोलणं म्हणून सोडून दिलं.

गंमत आत्याबाईंची झाली. त्यांनी उचगावभर सांगितलं, "डॉक्टरनं तान्हेनं मारलं असतं. सुनंनं चोरून पानी पाजलं म्हून वाचलो." ही हकिगत आक्काच्या कानावर गेली तेव्हा ती पोट धरून हसली. दोन वर्षांनी तापाच्या साथीत माझे यजमान गेले. तेव्हा आक्काचं ते बोलणं आठवलं आणि मी दवाखान्यात कामाला जायचं ठरवलं. सुनेनं दवाखान्यात लोकांची घाण काढायची का, असं भावकीत बोलणं निघालं. तेव्हा आत्याबाईच आडव्या आल्या. "तिच्या हाताला गुन हाय, जाऊ द्या तिला," म्हणाल्या. ज्या चुकीने त्या मरायला टेकल्या होत्या, त्याच चुकीने मला नोकरी लागली. मी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

आक्काचं शिकवणं म्हणजे दिवसभर तिच्या मागे फिरणं. पाण्यात आधी आपलं कोपर बुडवायचं, मग ते रोग्याच्या अंगाला लावायचं. भरवताना घास गिळल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. कूस बदलताना माकडहाड आणि टाचा पाहायच्या, लाली दिसली तर लगेच सांगायचं. लघवी किती झाली, कोणत्या रंगाची झाली, हे ओतून टाकण्याआधी पाहायचं. मी एकदा शहाणपणा करून एका बाईला कपाटातली पुडी द्यायला निघाले, तर आक्काने माझं मनगट धरलं. "आपुन औषिद द्यायचं न्हाय. आपुन बघायचं आन् सांगायचं. डॉक्टर दिसातनं दोनदा येतो. मधी डोळं कुनाचं? आपलं." तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती, पण खाटेवरची पाटी वाचता यावी म्हणून माझ्या मागे लागून तिने मला लिहायला-वाचायला शिकायला लावलं. आज हे लिहिते आहे, तेही तिच्याच कटकटीमुळे.

पन्हाळ्याकडच्या एक इनामदारीणबाई मांडीचं हाड मोडून आल्या होत्या. मुसलमानाचा हात नको, म्हणाल्या. मला राग आला. आक्काला आला नाही, की आला तो तिने दाखवला नाही. "न्हाई लावत," ती म्हणाली. "पर पाठ लाल व्हाया लागलीया. ते मी डॉक्टरला सांगनार, आन् पाठ तर पुसायलाच पायजे." मग दोन हात लांब उभी राहून ती बोलत राहिली आणि मी करत राहिले. "खांद्याखाली हात घाल. ओढू नगंस. बाईसाब, ही सगुणा, आता तुमास्नी वळवती." असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी इनामदारीणबाई मला म्हणाल्या, "तुझा हात फार जड आहे गं. त्या लांबून बोलणारणीलाच बोलाव." आक्का आली, वाकली आणि पहिल्यांदा आल्यासारखं म्हणाली, "बाईसाब, मी जैनब." मी बाहेर जाऊन हसून घेतलं. माझा हात तेव्हा खरंच जड होता.

अशी पंधरा-सोळा वर्षं आम्ही बरोबर काम केलं. महाराज गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात आक्का वॉर्डातच कोसळली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आयुष्यभर जिचा आवाज फाटकापर्यंत जायचा, ती त्याच वॉर्डात डोळ्यांनी बोलू लागली. तिची भाची जवळ असायची, पण कूस मी बदलायची, पाठ मी पुसायची. पिंजाऱ्याच्या उशांपैकी दोनच उरल्या होत्या, त्या तिच्या टाचांखाली ठेवल्या. पहिल्या दिवशी घाईत मी तिच्या खांद्याला तशीच हात लावायला गेले, तर तिने असे डोळे वटारले की मी मागे सरले. "आक्का, मी सगुणा," म्हटल्यावर नजर निवळली.

सातव्या दिवसापासून पाणी घशात अडकून ठसका लागू लागला, म्हणून डॉक्टरसाहेबांनी तोंडाने काही द्यायचं नाही असं सांगितलं होतं. मी फडकं बुडवून ओठ ओले करत होते. ओठ, घोट नाही. नवव्या दिवशी तिची नजर तांब्यावरून हटेना. मला आत्याबाईंचा हात आठवला. तांब्या माझ्या हाताशी होता आणि वॉर्डात कुणाचं लक्ष नव्हतं. मी उठले आणि डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेले. ते आता थकले होते. त्यांनी येऊन तिला तपासलं, चष्मा काढून पुसला. "सगुणाबाई, आता माझ्या हातात काही उरलेलं नाही," ते हळू म्हणाले. "मागते आहे तर द्या. बेताने द्या." आणि ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

मी तिची मान चांगल्या बाजूला वळवली. "आक्का, मी सगुणा. पानी देतो," म्हटलं. तिच्याच बोलीत म्हटलं, दुसऱ्या कुठल्या भाषेत ते तोंडातून निघालंच नसतं. पहिला चमचा तिने सावकाश गिळला. दुसराही गिळला. तिसरा पुढे केला तेव्हा डावा हात जरासा उचलून तिने तो थांबवला. मग तिचे डोळे माझ्यावरून खिडकीकडे गेले, तिथून परत माझ्याकडे आले आणि तिथेच थांबले. मला कळलं. मी उभी राहिले, डोळे पुसले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "साहेब, आक्काला पाणी दिलं. दोन चमचे. मी दिलं."

तेव्हा कुठे तिने डोळे मिटले.