तीन किट, एक इंजिन आणि माझं बीपी

गॅरेजवाल्याकडं दोन गोष्टी आपोआप साठतात. इंजिन बांधून झाल्यावर उरलेले नट-बोल्ट, आणि किस्से. बोल्ट उरला की माझ्या पोटात गोळा येतो, हा कुठला राहिला? किस्से सांगायला लागलो की लोक पोट धरून हसतात. पण खरं सांगू, ते घडत होते तेव्हाही माझ्या पोटात तोच गोळा होता!

मी दत्ता. कामशेतला जुन्या हायवेवर माझं गॅरेज आहे. बावीस वर्षं झाली, जुन्या साडेतीनशे सीसीच्या धडधडणाऱ्या बाईक सोडून दुसऱ्या कशाला हात लावलेला नाही. धंदा चांगला, स्वभाव भित्रा. गिऱ्हाईक गाडी घेऊन कोपऱ्यावर वळलं की मला आठवायला लागतं, ऑइलचा बोल्ट आवळला होता ना? दोनदा तर मी मागं धावत गेलोय. दोन्ही वेळा बोल्ट आवळलेलाच होता!

आता सांगतोय ते किस्से, एक सोडला तर, सगळे एकाच इंजिनाचे आहेत.

* * *

शैलेश सर तळेगावच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्यांची गाडी टेम्पोत घालून माझ्याकडं आली. उघडून बघतो तर पिस्टन सिलिंडरला चिकटलेला, क्रँकचं बेअरिंग खलास.

मी तोंड पाडून म्हणालो, "सर, आतलं सगळंच बदलावं लागेल."

माणूस खचेल की नाही? सरांचा चेहरा एकदम खुलला! "सगळंच बदलायचंय ना? मग भाऊ, स्ट्रोकर किट टाकूया!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिस्टन सिलिंडरमध्ये जेवढा वर-खाली जातो, तो त्याचा स्ट्रोक. स्ट्रोकर किटमध्ये वेगळा क्रँक येतो, वेगळा रॉड, वेगळा पिस्टन. त्यानं तो पल्ला वाढतो, इंजिन एका दमात जास्त पेट्रोल-हवा ओढतं. बाहेरून गाडी तीच, आतून पैलवान. फक्त ब्रेक, क्लच, चेन आणि चालवणारा हे सगळे जुनेच राहतात. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येकाला सांगतो. आजपर्यंत एकानंही ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर लॅपटॉप घेऊन हजर. छोटं किट, मधलं किट, मोठं किट, असा तक्ता. चौदा कॉलम! टॉर्क, कॉम्प्रेशन, पिस्टनचा वेग, काय काय.

"भाऊ, काही राहिलंय का यात?"

मी म्हणालो, "सर, 'घरी सुखरूप परत येणं' हा कॉलम दिसत नाही कुठं."

सरांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "तो मोजायचा कसा?"

* * *

मी एवढा का घाबरतो, तर वलवणच्या एका हॉटेलवाल्यामुळं.

त्याला मोठंच किट हवं होतं. मी नको म्हणत असताना त्यानं हट्टानं बसवून घेतलं. आठ दिवस रोज त्याचा फोन. "भाऊ, काय पळतेय! भाऊ, चढावर चौथा गिअर!" नवव्या दिवशी फोन आला तेव्हा आवाज अगदी शांत होता.

"भाऊ, इंजिनाला खिडकी पडलीय. हवा छान खेळती झालीय आत."

रॉड तुटून क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं कवच, फोडून बाहेर आला होता. मागचं चाक जागीच जाम झालं आणि गाडी घसरत रस्त्याकडेच्या वाळूत गेली. मागं बायको बसलेली. तिचं कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. वाळू नसती तर?

तो आजही हे हसत सांगतो. मला अजून हसता आलेलं नाही.

* * *

कान्ह्याला आमचे बबनआबा आहेत. सिलिंडरचं बोअरिंग, क्रँक प्रेसिंग, लेथची कामं, सगळं त्यांच्याकडं. वय सत्तरच्या पुढं, माणसाचं बोलणं नीट ऐकू येत नाही, पण लोखंडाचं येतं! सरांच्या गाडीची क्रँककेस घेऊन मी आणि सर त्यांच्याकडं गेलो. सरांनी मोठ्या किटाचं कौतुक सुरू केलं. आबांनी हातोडीच्या दांड्यानं केसला चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि कान लावला.

"मोटं बसंल," आबा म्हणाले. "पर जागा करायला हितली भिंत आतनं घासाय लागंल. मग ऱ्हाईल किती? पापडायेवढी!"

सर म्हणाले, "पण आबा, कॅल्क्युलेशननं स्ट्रेंग्थ पुरतेय."

आबांना निम्मंच ऐकू गेलं असणार. ते म्हणाले, "पुरतंय की. पुरायलाच लागतंय मग!"

घरी पोचल्यावर सरांचा मेसेज आला, 'मोठं कॅन्सल. आता लढत छोटं विरुद्ध मधलं.'

* * *

मग एका दुपारी सरांच्या मिसेस, मेघावहिनी, एकट्याच गॅरेजवर आल्या. मला वाटलं बिलाचं विचारतील. त्या स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि हळूच म्हणाल्या, "दत्ताभाऊ, यांचा तो तक्ता बघितलाय मी. एक काम कराल? छोटं किट बसवा आणि यांना सांगा की मधलं बसवलंय."

"वहिनी, सरांना कळेल हो!"

"नाही कळणार. घरात मिक्सर बदलून सहा महिने झाले, अजून कळलेलं नाही."

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. चहा पाजून वाटेला लावलं. अर्धा तास झाला असेल, सरांचा फोन.

"भाऊ, फायनल. मधलं बसवा. आणि हे बघा, मेघा कधी आलीच तर तिला सांगा की साधं रिपेअरिंग चाललंय. किटचं नाव काढू नका."

फोन ठेवला आणि पाना हातातून पायावर पडला.

पुढचे तीन दिवस मला जेवण गेलं नाही. बायको ओढून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि विचारलं, "काही टेन्शन आहे का?"

मी म्हणालो, "दुसऱ्याच्या संसाराचं आहे."

डॉक्टर माझ्या बायकोकडं बघायला लागले, बायको माझ्याकडं! तिला खरं काय ते पटवता पटवता आणखी दोन दिवस गेले.

* * *

शेवटी कान्ह्याला जाऊन आबांपुढं सगळं ओकलो. ओरडून सांगावं लागलं, त्यामुळं शेजारच्या वेल्डिंगवाल्यानंही ऐकलं.

आबा लेथ बंद करून म्हणाले, "दत्त्या, दोन माणसांशी दोन खोटं बोलायला दोन तोंडं लागत्यात. तुला एक हाय, त्ये बी तंबाखूनं भरल्यालं! बलीव दोगास्नी. समोर बशीव."

रविवारी बोलावलं. दोघांना वाटत होतं आपल्यालाच बोलावलंय. एकमेकांना बघून दोघंही दारात थबकले. मी टेबलावर छोट्या आणि मधल्या किटाचे पिस्टन मांडले आणि एका दमात बोलून टाकलं. सर म्हणतात वहिनींना सांगू नका, वहिनी म्हणतात सरांना सांगू नका, त्यांना बदललेला मिक्सरही कळत नाही, मला बीपीची गोळी चालू झालीय, आता काय ते तुम्ही ठरवा!

हायवेवरून ट्रक जात होते. सर पिस्टन उलटासुलटा करत होते.

मग वहिनींनी विचारलं, "भाऊ, खरं सांगा. तुमच्या स्वतःच्या गाडीत तुम्ही यातलं कुठलं टाकलं असतं?"

"माझ्या? वहिनी, मी स्कूटर चालवतो."

आधी सर हसले, मग वहिनी. सरांनी मधला पिस्टन कागदात गुंडाळून खोक्यात ठेवला. "छोटं," ते म्हणाले. मग बायकोकडं न बघता म्हणाले, "मिक्सर केव्हा बदलला?"

* * *

छोटं ठरलं तरी माझी एक अट होती. गाडीच्या पुस्तकावर बदल चढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. उद्या काही झालं तर विमावाला आधी इंजिनच मोजेल.

सर अर्ज घेऊन आरटीओत गेले. खिडकीतल्या क्लार्कनं तो तीनदा वाचला. "गाडी तीच, नंबर तोच, इंजिन तेच आणि सीसी वाढली? साहेब, माझं पोट सुटलंय, ते आधारवर चढवू का?"

सरांनी पाठ सोडली नाही. दीड महिना चपला झिजवल्या आणि शिक्क्याचा कागद आणून माझ्या टेबलावर ठेवला. मी तो दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती, तीसुद्धा वाचली.

* * *

आता बसवायचं. पण स्ट्रोक वाढला की पिस्टन आधीपेक्षा वर येतो. तो वर येऊन व्हॉल्व्हला थडकला तर खेळ खलास. दोघांत अंतर किती उरतं ते बघायला पिस्टनवर मुलांच्या खेळातली चिकणमाती थापायची, वरचं झाकण म्हणजे हेड बसवायचं, इंजिन हातानं फिरवायचं आणि परत उघडून ठसा मोजायचा.

माती संपली होती. मी घरात जाऊन परातीतला कणकेचा गोळा उचलून आणला.

इंजिन फिरवलं, हेड काढलं. व्हॉल्व्हचा ठसा इतका खोल, की कणकेच्या आरपार दिसत होतं. दीड मिलिमीटर तरी हवं, तिथं अर्धाच! किटवाल्याला फोन लावला.

तो म्हणाला, "भाऊ, सगळ्यांना बसतं हे."

"सगळ्यांना बसते ती टोपी!" मी ओरडलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

पाच मिनिटांनी त्याचाच फोन आला. चुकून दुसऱ्याच गाडीचा पिस्टन खोक्यात आला होता.

तेवढ्यात कणीक शोधत बायको गॅरेजात आली. पिस्टनवरचा तो ठसा तिनं निरखून बघितला आणि म्हणाली, "एवढं पातळ मला आजवर लाटता आलं नाही."

* * *

बरोबर पिस्टन आला, बसला, इंजिन सुरू झालं. हजार किलोमीटर सरांनी गाडी हळूहळू चालवली. ऑइल बदललं, बोल्ट पुन्हा आवळले. मग आली घाटाची परीक्षा. कामशेतहून लोणावळा, तिथून दुधिवरे खिंड चढायची, पवनेकडं उतरायचं आणि परत कामशेत. सर आणि मागं वहिनी. सकाळी नऊला निघाले. दोन तासांचं काम.

आवाज ऐकायला आबा मुद्दाम कान्ह्याहून आले होते. अकरा वाजले. साडेअकरा. सरांचा फोन लागेना, वहिनींचा लागेना. बाराला मी स्कूटर काढली. आबा मागं बसले, मांडीवर पान्यांची पिशवी. पवनानगरच्या बाजूनं उलटं निघालो. प्रत्येक वळणावर मी आधी रस्त्यावरचं ऑइल बघायचो, मग कडेची वाळू.

"हळू चालीव," आबा म्हणाले. "आपुन मेलो तर त्यास्नी कोन हुडकंल?"

खिंडीत पोचलो. कठड्यावर सर एकटेच बसलेले. हेल्मेट शेजारी. गाडी नाही, वहिनी नाहीत.

मी स्कूटर स्टँडला लावेपर्यंत आबांनीच विचारलं, "सर, गाडी कुटंय?"

"मेघा घेऊन गेली."

"कुटं?"

"खाली. घाट उतरून परत चढून येते म्हणाली."

"वहिनींना चालवता येते?" मी किंचाळलो.

"लग्नाआधी भावाची चालवायची म्हणे." सर दरीकडं बघत होते. "मला आजच कळलं."

"किती वेळ झाला?"

"ही तिसरी फेरी आहे."

आम्ही तिघं कठड्यावर ओळीनं बसलो. वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी आणि सर वळणाकडं डोळे लावून होतो. आबांनी डोळे मिटले होते. मग त्यांनी एकदम हात वर केला.

"आली," ते म्हणाले. "तिसरा गिअर. आवाज सोच्छ हाय."

आम्हाला बऱ्याच वेळानं ऐकू आलं. मग वळणावरून गाडी वर आली, सरळ आमच्यासमोर येऊन थांबली. वहिनींनी इंजिन बंद केलं नाही. हेल्मेटची काच वर केली, ओळीनं बसलेल्या आम्हा तिघांकडं बघितलं.

सर उठले, हेल्मेट घातलं, पुढं गेले आणि हँडलला हात घातला.

वहिनी म्हणाल्या, "मागे बसा."