मैनाने उतरवलेला उंबर

करंजाड्याच्या आमच्या सोसायटीत फांद्या छाटायच्या म्हटल्या की मला, म्हणजे सेक्रेटरीला, आदल्या दिवसापासून धास्ती असते. परवानगीचा अर्ज, चौथ्या मजल्यावरच्यांची कुरकुर, हे मी बघून घेतो. धास्ती असते ती मैनाची. ही बाई गव्हाणहून स्कूटीवर येते, पायाशी ठेवलेल्या पेटीतून विजेवरची करवत काढते आणि मला माझ्याच आवारात उभं राहायची जागा दाखवते.

"सेकेटरी, त्या खांबाच्या पल्याड. आजून पल्याड. आता हलू नका."

आणि मी हलत नाही. बावीस वर्षं बँकेत लोकांना रांगेत उभं करणारा माणूस मी, पण मैनापुढे माझं काही चालत नाही.

तिचं काम सुरू व्हायलाच अर्धा तास लागतो. आधी ती वायर बोटांतून सरकवत शेवटपर्यंत तपासते. कुठे टेप गुंडाळलेली दिसली की वायर बाद. मग पाटल्या काढून पिशवीत, पदर खोचलेला, साडीखाली नवऱ्याची जुनी पँट, पायात जाड बूट, डोक्याला जाळीचं हेल्मेट. झाडाच्या सालीवरून हात फिरवून खिळे शोधते, कारण आपल्या लोकांना झाड दिसलं की पाटी ठोकायची हौस. करवतीच्या दातेरी साखळीला हात लावायचा तर प्लग काढूनच, मग कोणी कितीही घाई करो. खांद्याच्या वर करवत नाही, शिडीवर तर नाहीच. उंचावरची फांदी असेल तर सरळ सांगते, "माझं काम नाय, क्रेनच्या गाडीवाल्याला बोलवा."

शिडीचं कारण मला माहीत आहे. मैनाचा नवरा शिवा आमच्याकडे फांद्या तोडायला यायचा. चार वर्षांपूर्वी तो शिडीवरून पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. शिडी आमच्या सोसायटीची होती आणि घाई माझी होती. "आटप रे, पाहुणे यायचेत," असं मी खालून ओरडलो होतो. ते माझ्या मनातून जात नाही आणि जाऊही नये.

तेराव्यानंतर दोन महिन्यांनी मैना आली ती शिवाची करवत घेऊन. मी म्हटलं, तुम्ही? ती म्हणाली, "मना शिकायला तीन आठवडे लागलं. त्याला कुनी शिकवलंच नव्हतं." त्या दिवसापासून आमच्या आवारातली झाडं तिचीच.

या वर्षी तिच्या मुलीचं, रियाचं लग्न ठरलं आणि मला आग्रहाचं आमंत्रण आलं. हळदीच्या दिवशी सकाळीच गव्हाणला पोचलो. या आगरी घरांत मांडवाला उंबर लागतो. मांडीएवढी जाड, पानांनी भरलेली फांदी वाजतगाजत आणायची आणि मांडवात रोवायची. मैनाच्या सासरची रीत अशी, की तोडलेला उंबर भुईला टेकू द्यायचा नाही. म्हणून फांदीखाली घरातले चार-पाच तरणे हात पसरून उभे राहायचे आणि वरून कुऱ्हाड चालायची. इतकी वर्षं ती कुऱ्हाड शिवाच्या हातात असायची.

आता मैना हेल्मेट घालून झाडापाशी उभी होती, आणि तिचा मोठा दीर भगवान तिच्यासमोर. मिठागरात उभा जन्म गेलेला, उन्हानं काळाठिक्कर पडलेला माणूस. आवाज असा की बेंजोवाल्यांनी वाजवणं थांबवलं.

"मशीन तर मशीन, पन पोरा खाली उभी रवतील. उंबर टेकला त लगनाला बट्टा."

"खाली मानूस आसंल तवर मशीन चालायचं नाय, भावजी."

"मंग दुसरा कोनी तोडंल. तशी बी…" भगवान पुढे बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती. विधवेचा हात शुभकार्याच्या उंबराला लागावा का, हे सकाळपासून ओटीवर कुजबुजलं जात होतं, मी स्वतः ऐकलं होतं. मला असा राग आला की पाहुणा असल्याचं विसरून दोन शब्द सुनवावेत असं वाटलं. पण मैनाच पुढे झाली.

"तशी बी मी रांडमुंड, हेच ना? बोला की. माझ्या पोरीचं लगीन हाय, उंबर मीच उतरवनार. आन तो भुईला टेकनार नाय. पन मानूस खाली नाय म्हंजे नाय. एक मानूस मी घालवलाय."

रिया दारात हळदीच्या साडीत उभी होती आणि आईकडे बघत होती.

मैनानं मग होडीचा जाड दोर मागवला. वरच्या दणकट फांदीवरून टाकून त्याचं एक टोक उंबराच्या फांदीला बांधलं, दुसरं खोडाला तीन वेढे देऊन आवळलं. दोराला स्वतः लोंबकळून पाहिलं. पोरांना फांदीच्या दुप्पट लांब, गोठ्याच्या भिंतीपलीकडे पाठवलं. वायर भगवानच्या ओटीवरच्या बोर्डापासून आणली होती. प्लग लावण्याआधी ती भगवानकडे गेली आणि प्लग त्याच्या हातात दिला.

"भावजी, हे तुमी सांभाला. जाळीतनं आन पाल्यातनं मना पलीकडचं दिसत नाय. ओटीवरनं तुमाला समदं दिसतंय. कोनी खाली गेला की इचारू नका, हाक मारू नका, उपटा."

भगवाननं तोंड वाकडं केलं. पण प्लग लावला आणि बोर्डाजवळच उभा राहिला.

मैनानं दोन्ही हातांनी करवत धरली, पाय रोवले. फांदी खोडापासून निघत होती ती तिच्या छातीच्या उंचीवर, तिथेच तिनं काप घ्यायचा ठरवला. पहिला खालून, थोडासाच, साल सोलली जाऊ नये म्हणून. मग वरून. भुसा उडायला लागला. भामा धवलारीण लग्नाची गाणी, धवले, म्हणत होती ती करवतीच्या आवाजात बुडून गेली. अर्धी फांदी कापली गेली आणि तिचा पानांचा शेंडा हळूहळू झुकायला लागला.

तेवढ्यात शैलेश धावला. हा भगवानचाच मुलगा, दर लग्नात उंबर झेलणारा. शेंडा भुईकडे जाताना दिसला आणि त्याचे पाय आपसूक निघाले. हात पसरून तो थेट फांदीखाली. मैनाला तो दिसायचा प्रश्नच नव्हता.

करवत एकदम बंद पडली.

भगवानच्या मुठीत प्लग होता आणि त्याचा आवाज सगळ्या आळीभर गेला. "शैल्या, भायेर हो! टेकूं दे भुईला, टेकूं दे! तू भायेर हो आंधी!"

शैलेश दचकून मागे उडाला. तो भिंतीपाशी पोचतो न पोचतो तोच उरलेलं लाकूड कडाडलं, फांदी निखळली आणि दोरावर झुलत आली, तो उभा होता नेमक्या त्या जागी. दोर करकरला, पण टिकला. फांदी दोनदा इकडून तिकडे गेली आणि थांबली. शेंड्याची पानं भुईपासून हातभर वर होती.

मैनानं करवत खाली ठेवली, साखळी थांबल्याची खात्री केली, हेल्मेट काढलं. रीत अशी होती की उंबराला पहिला हात घरच्या मोठ्या कर्त्यानं लावायचा, म्हणजे भगवाननं. तो ओटीवरून उतरला, मुलाजवळ गेला, त्याच्या खांद्यावरून, दंडावरून हात फिरवून पाहिला. मग मैनापुढे येऊन उभा राहिला.

"पयला हात तू लाव," तो म्हणाला.

"मी? भावजी, लोक…"

"लोकाना मी सांगतो काय सांगायचा ते. लाव."

मैना दहा सोसायट्यांना हुकूम देणारी बाई, ती तिथे हमसून हमसून रडली. लपवलं नाही, पदरही तोंडाला लावला नाही. रिया धावत येऊन तिला बिलगली. मग मैनानं नाक पुसलं, दोन्ही हात फांदीखाली घातले आणि चौघांनी मागून भार घेतल्यावर दोर सोडायला सांगितला.

बेंजो पुन्हा वाजायला लागला. मांडवापर्यंतच्या वाटेवर सगळ्यांच्या पुढे ती होती, आणि भगवान पुढे धावून लोकांना बाजूला करत होता, "सरा, सरा, मैना येतंय."