बेटावरचं धाबं

कुठल्याही घरात शिरलं की मिस्तरी आधी भिंतीवर तळहात टेकवायचे. घरातली माणसं "या, बसा" म्हणत उभी असायची आणि हे डोळे बारीक करून भिंतीशी गुजगोष्टी करत असायचे. ते उरकलं की मग वळून राम राम. मी एकदा त्यांना टोकलं, म्हटलं मिस्तरी, लोकांना वाईट वाटतं. ते म्हणाले, "ताई, मानूस खोटं बोलस. भित नही बोलत." आणि वर त्यांचं ठेवणीतलं, "हात लावा, मंग बोला."

हे वाक्य त्यांनी इंजिनियरना ऐकवलं होतं, बिल्डरना ऐकवलं होतं, टाइल्स दाखवायला आलेल्या सेल्समनला ऐकवलं होतं. कुणी चिडायचं, कुणी हसायचं, पण ऐकल्यावर जो तो मुकाट्याने भिंतीला हात लावायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालायचा म्हटलं तरी आधी त्यांनी सांगितलेलं करावं लागतं.

आमची ओळख भिंतीवरूनच झाली. सुरतेत पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. मी तिथे आर्किटेक्ट. बऱ्याच वेळा काम म्हणजे कुठल्या तरी शोरूमला काचेचं तोंड लावणं. ऑफिसच्या एका भिंतीला ओल आली होती आणि प्लास्टर काढायला मिस्तरी आले. दुपारी चहा पिताना ते माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि स्क्रीनवरच्या घराकडे बघू लागले.

"हाई भित कितली जाडी शे?"

"चार इंच."

"मातीनी? उंदीर लाथ मारी तरी पडी जाई."

मला राग आला. मी पाच वर्षं शिकले होते, आणि ते घर तर माझं लाडकं काम होतं. तापी समुद्राला मिळते त्या बाजूला, खाडीत एक बेट आहे. मासे धरणारी आणि म्हशी पाळणारी बावीस कुटुंबं तिथे राहतात. भरतीच्या पाण्याने त्यांची निम्मी घरं खचली होती. एका संस्थेला तिथे टिकाऊ घरं बांधायची होती आणि अट अशी, की सिमेंटचे खोके नकोत, तिथल्या पद्धतीची, तिथल्याच मालाची घरं हवीत. मी दोनदा बेटावर जाऊन पुष्कळ फोटो काढून आले होते. तेवढ्यावर मी स्वतःला जाणकार समजत होते.

मी फणकाऱ्याने विचारलं, "तुम्ही बांधलंय का कधी मातीचं घर?"

मिस्तरींनी कप खाली ठेवला आणि सांगायला लागले. त्यांचे वडील खानदेशात धाबी घालायचे. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. सागाच्या तुळया, त्यावर तुराट्या, त्यावर पळसाची पानं, मग ओली माती चोपायची आणि सगळ्यांत वर पांढऱ्या खारी मातीचा थर. खारीतून पाणी उतरत नाही आणि तिच्यावर गवतही उगवत नाही. वैशाखातसुद्धा धाब्याखाली गार वाटतं. मिस्तरी पंधराव्या वर्षापर्यंत बापाच्या हाताखाली हेच शिकले. मग गावात सिमेंट आलं, काम संपलं आणि ते मागावर काम करायला सुरतेत आले. मागाचा आवाज सोसेना म्हणून पुन्हा बांधकामावर. भेस्तानला पत्र्याच्या खोलीत राहिले आणि उभा जन्म स्लॅब ओतत आले.

"एकदाव तरी धाबं करानं व्हतं," ते म्हणाले. "आते कोन करस?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. माझं आजोळ त्याच बाजूचं. वडील बँकेत, त्यामुळे आम्ही घरात पुस्तकी मराठी बोलायचो, पण आईला फोन आला की ती अहिराणीत सुरू व्हायची. मिस्तरींचं बोलणं मला फार ओळखीचं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी साहेबांना सांगितलं की बेटाच्या कामाला हा माणूस पाहिजे.

होडीतून उतरल्यावर मिस्तरी चार पावलं चालले आणि थांबले. समोरच्या जमिनीवर पांढरी साय धरली होती. त्यांनी खाली बसून हात टेकला, चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली. मग माझ्याकडे बघून ओरडले, "ताई! हाई ते आपली खारी शे!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं, हे कबूल करते. तिथल्या तिथे आम्ही दोघांनी ठरवून टाकलं की पहिल्या घरावर धाबं घालायचं. माती बेटावरची, लाकूड जवळचं, घर गार राहणार. संस्थेला आणखी काय हवं होतं?

पहिलं घर जमनाबेनचं होतं. घर उंच ओट्यावर, भिंती काठ्यांच्या कुडाला चिखल लिंपलेल्या, सगळं तिथल्यासारखं. फक्त छताचं ऐकून ती बाई थोडी घुटमळली.

"अमे तो घास ज नाखीए," ती म्हणाली. आम्ही तर गवतच घालतो.

मी तिला माझ्या मोडक्या गुजरातीत समजावलं की हे जास्त थंड राहील. मिस्तरींनी मान हलवून दुजोरा दिला. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेली.

त्या वैशाखात मिस्तरींना पाहायला हवं होतं. साठी उलटलेला माणूस सदरा काढून तुळयांवरून चालत होता. माती तुडवताना आमच्या ड्राफ्ट्समनला पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करायला लावली. पळसाची पानं मिळाली नाहीत म्हणून दोन दिवस रुसले, मग ताडाच्या पानांवर भागवलं. शेवटचा थर चोपून झाल्यावर ते छतावर उकिडवे बसले आणि कितीतरी वेळ खालीच उतरेनात. मी हाक मारली तर म्हणाले, "थांब ना ताई. बाप दखी ऱ्हायना." माझा बाप बघतोय. मी मग हाक मारली नाही.

ज्येष्ठ महिना लागला. पाऊस अजून आला नव्हता, पण समुद्रावरून दमट वारा सुरू झाला होता. जमनाबेनच्या नवऱ्याचा फोन आला की छत गळतंय. मी म्हटलं, पाऊस तर नाही. तो म्हणाला, पाऊस नाही तरी गळतंय.

आम्ही गेलो. घराच्या आत ताडाच्या पानांमधून थेंब पडत होते. मधली तुळई बोटभर वाकली होती, तिच्याखालची कुडाची भिंत बाहेर झुकली होती. मिस्तरींनी वरचा थर उकरला तर आत चिखल. बेटावरची माती खारी होती खरी, पण तिच्यात समुद्राचं मीठ होतं, आणि ते मीठ हवेतलं पाणी ओढून घेत होतं. कोरड्या हवेतलं खानदेशी छत आम्ही खाडीत आणून ठेवलं होतं. त्यात इथल्या भिंती कुडाच्या, त्यांना एवढ्या मातीचं ओझं कुठून पेलणार?

संस्थेची माणसं पंधरा दिवसांत पाहणीला येणार होती. घर पटलं नाही तर बावीसही घरांवर पत्रे टाकून मोकळं व्हायचं, असं त्यांच्यातले काही जण आधीपासून म्हणतच होते. पत्र्याखाली त्या बायकापोरांनी उन्हाळे कसे काढायचे? मी मिस्तरींना बाजूला घेतलं.

"वरून प्लास्टिक अंथरू. त्यावर पुन्हा मातीचा पातळ थर. खालून चटई ठोकली की काहीच दिसणार नाही."

त्यांनी हातातला चिखल खाली टाकला.

"ताई, तू माले लबाड बनाडी ऱ्हायनी."

अजूनही ते वाक्य आठवलं की माझी मान खाली जाते.

मिस्तरी जमनाबेनकडे गेले. ती चुलीपाशी रोटला थापत होती. तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि अहिराणी, हिंदी, गुजराती, येईल ते एकत्र करून बोलले, "बेन, मन्हं चुकनं. मी मातीले हात लावा, तुमले इचारं नही. तुमारा छापरा कैसा करते, हमको दिखाओ."

जमनाबेनने रोटला उलटला. मग हसू दाबत म्हणाली, "पहेलां पूछवुं जोईए ने, काका. दरियानी माटी तो पोते ज पाणी पीए."

आधी विचारायचं ना, समुद्राची माती स्वतःच पाणी पिते. बेटावरच्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं. आम्ही मात्र फोटो काढून आणि माती चाखून मोकळे झालो होतो.

धाबं मिस्तरींनी स्वतः उतरवलं. मी मजूर देते म्हटलं, नको म्हणाले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत टोपली टोपली माती खाली आणली आणि जिथून उचलली होती तिथेच नेऊन पसरली. जन्मभर एकदाच घालायला मिळालेलं छत तो माणूस स्वतःच्या हाताने मोडत होता. मी होडीपाशी जाऊन रडले. ते मला बघून म्हणाले, "पाय वल्ला व्हतीन, आठे ये." पाय ओले होतील, इकडे ये म्हणे.

पुढचे आठ दिवस जमनाबेन आणि तिच्या दोन जावा वर, मिस्तरी खाली. खाडीकाठचं उंच गवत, ताडाची पानं, काथ्याची दोरी. उतार किती ठेवायचा, पेंढी कुठल्या बाजूने बांधायची, वाऱ्याच्या अंगाला गवत दुहेरी का, हे सगळं मिस्तरी विचारून घ्यायचे आणि मला दरडावून लिहून घ्यायला लावायचे. गाठ चुकली की जमनाबेन ओरडायची. मिस्तरी निमूटपणे सोडून पुन्हा बांधायचे. आयुष्यभर ज्यांनी इंजिनियरांना दम भरला, त्यांना एक बाई छपरावरून झापत होती आणि त्यांची मूठभर मिशी हसत होती.

संस्थेची माणसं आली. मी सगळं खरं सांगितलं, पहिलं छत कसं फसलं तेही. दुसऱ्या छताचं जमनाबेनने सांगितलं, बोटाने दाखवत, न थांबता. पाहुणे खूश झाले. त्यांच्यातल्या एकाने मिस्तरींना विचारलं, "यात तुम्ही काय केलं?"

"मी? मी खालथून गवत दिधं."

बावीसही घरं तशीच बांधायची ठरली. आषाढात झड लागली तेव्हा मिस्तरी मला न सांगताच बेटावर गेले आणि तीन दिवस जमनाबेनच्या घरी राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात त्यांचा फोन आला.

"ताई, आयक."

त्यांनी फोन वर धरला असावा. बाहेर धो धो पाऊस ऐकू येत होता. आत जमनाबेन कोंबड्यांना हाकलत होती. बाकी काही नाही.

"आयकं?" ते म्हणाले. "थेंब बी नही." आणि फोन बंद.

त्यांचा आवाज मी ऐकला तो तेवढाच शेवटचा. महिनाभराने त्यांच्या मुलाने कळवलं. भेस्तानच्या खोलीत, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी गेले तेव्हा खोलीत उभं राहायला जागा नव्हती. त्या गर्दीत त्यांनी ओतलेल्या स्लॅबांखाली राहणारी कितीतरी माणसं असतील, पण त्यांना काही ते माहीत नव्हतं.

पाऊस सरल्यावर उरलेल्या घरांसाठी बेटावर गेले आणि जमनाबेनला सांगितलं. ती भिंत लिंपत होती. हात तसाच चिखलाचा ठेवून खाली बसली.

"त्रण दाडा अहीं ज बेठा'ता, उपर जोईने," ती म्हणाली. तीन दिवस इथेच बसले होते, वर बघत. "में कह्युं, काका, रोटलो तो खाई लो. छापरुं क्यांय नथी जवानुं." छप्पर कुठे पळून जात नाही, तुम्ही आधी जेवून घ्या.

मी त्या जागी बसून वर पाहिलं. ताडाची पानं, गवत, काथ्याच्या गाठी. गाठी तीन जावांच्या हातच्या, उतार त्यांच्या सासूने शिकवलेला. मिस्तरींचं म्हणता येईल असं त्या छतात काहीच नव्हतं.

परवा मी बाविसाव्या घराचा आराखडा पुरा केला. त्यांचं काहीतरी कुठेतरी घालावं असं फार वाटलं. ओट्याच्या कडेला खारीचा एक पट्टा, दारावर तुराट्यांची एक ओळ, एवढंसंच. पेन्सिल हातात घेतली, आणि ठेवून दिली. त्यांनी ते उतरवलं असतं.