म्हात्रे मॅडमच्या चिंबोऱ्या

आमच्या लॅबमध्ये वास आणि किस्से दोन्ही साचायचे. वास फिनाइलने जायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, वसईच्या एका कॉलेजात मी म्हात्रे मॅडमच्या हाताखाली पीएचडी करत होते. विषय होता, चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, मादीत अंडी कोणत्या हार्मोनमुळे पिकतात.

प्राचार्य पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, मुलीला जरा सोज्वळ विषय द्या."

"चिंबोऱ्यांना विचारून बघते," मॅडम म्हणाल्या. विषय तोच राहिला.

•

चिंबोऱ्या राजोडीच्या किनाऱ्यावरून आणायच्या. मॅडम टोपलीतली एकेक उलटी करून बघायच्या आणि अंडी नसलेल्याच घ्यायच्या. विकणारी रोझीमावशी वैतागली. "बाय, लोकं भरलेल्या मागतात. तू रिकाम्या नेऊन काय करनार?"

"भरणार."

•

विज्ञान प्रदर्शनात आमच्या तक्त्यावर 'प्रजनन' हा शब्द होता. पालक येणार, शब्द झाका, असा हुकूम आला. मॅडमनी कागदाची पट्टी लावून झाकला. पट्टीवर लिहिलं, 'प्राचार्यांच्या आदेशानुसार ही पट्टी उचलू नये.'

दुपारपर्यंत तीन पट्ट्या फाटल्या. सगळ्यात लांब रांग आमच्याकडे होती, त्यात पालकच जास्त.

•

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजने लॅबची वीज बंद केली. हवेचा पंप थांबला की चिंबोऱ्या मरणार. मॅडमनी त्या टबात घातल्या आणि रिक्षाने विरारच्या आपल्या फ्लॅटवर नेल्या. सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर. "मॅडम, इथे पाळीव प्राणी चालत नाहीत."

"पाळीव नाहीत, चावतात. आत या ना."

ते आले नाहीत.

•

एकदा मला बघायला आलेल्या मुलाच्या आईने हट्ट धरला, मुलगी दिवसभर करते काय ते बघायचं. माझी आई त्यांना लॅबमध्ये घेऊन आली. मी टाकीतली चिंबोरी दाखवली. सांगितलं, हिच्या डोळ्याच्या देठात एक हार्मोन तयार होतो, तो अंडी पिकू देत नाही. एक डोळा काढला की अंडी भराभर पिकतात.

बाईंनी नाकाला पदर लावला. "आमच्याकडे आल्यावर हे बंद करावं लागेल."

"थीसिस पूर्ण केल्याशिवाय ती कुठेही येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी मॅडमचा मोकळा गळा न्याहाळला. "तुम्ही नाही का केलंत लग्न?"

मॅडमनी पाण्यातला हात बाहेर काढून पुसला. "नाही. माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत."

आईने मला कोपराने ढोसलं. मी हसू दाबलं नाही.