एकोणिसाव्या मजल्यावरचं तवसं

माझ्या सासूबाईंचं नाव कलावती. माहेर लांज्याकडचं, संसार सगळा दिवा स्टेशनजवळच्या चाळीत, आणि गेल्या दोन वर्षांपासून मुक्काम घोडबंदर रोडवर आमच्याकडे, एकोणिसाव्या मजल्यावर. आम्ही सगळे त्यांना आई म्हणतो. आईंना लिफ्टमध्ये चक्कर येते, गिझरची भीती वाटते, आणि दाराची बेल वाजली की त्या अजून खिडकीशी जाऊन वाकून बघतात, जसं काही कोणी खाली गल्लीत उभं राहून हाक मारतंय. या सगळ्याला माझी काही हरकत नाही. माझं आणि त्यांचं वाजलं ते एका वेलावरून.

वेल तवशाचा. तवसं म्हणजे कोकणातली पावसाळी काकडी. चांगली हातभर होते आणि पिकली की तांबूस-पिवळी पडते. किसून, गूळ-रवा घालून तिचं धोंडास, केकसारखं गोड, करतात. आईंचं लग्न झालं तेव्हा त्यांच्या आईने राखेत घोळवलेलं बी चिंधीत बांधून सोबत दिलेलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात दिव्याच्या चाळीच्या पत्र्यावर तो वेल चढायचा. खाऊन-वाटून शेवटचं एक तवसं बियाण्यासाठी पिकू द्यायचं, असा नेम. लांज्याला आता कोणी राहिलेलं नाही, भावाने घराला कुलूप लावलं. दिव्याची खोलीही गेली. म्हणजे ते बी राहिलं फक्त आईंच्या चिंधीत.

इथे आल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी निम्मं बी लावलं. वेल झाला, फळ नाही. "नवी जागा हाय, रुसला असंल," आई म्हणाल्या. यंदा उरलेलं सगळं लावून टाकलं. फळ धरलं तर बी राहणार, नाही धरलं तर संपलं. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. रिकामी चिंधी धुऊन वाळत घातलेली दिसली तेव्हा मी विचारलं आणि मला कळलं.

वेलाने मात्र कसलीच कसूर ठेवली नाही. दिव्यात बिचाऱ्याला भांडी घासलेलं पाणी मिळायचं, तेही हंड्यात उरलं तर. इथे नळाला दिवसभर पाणी, नर्सरीतली विकतची माती, सकाळभर ऊन. त्याने कुरळ्या दोऱ्यांनी ग्रिल पकडलं, मग कपड्यांची दोरी, मग एसीची नळी. फुलं तर इतकी की बाल्कनी पिवळी झाली. आधी नुसतीच बारीक देठाची फुलं आली. मग एक दिवस एका फुलाच्या पाठीशी करंगळीच्या पेराएवढं इवलंसं तवसं दिसलं, लव असलेलं, अगदी हुबेहूब. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला हाक मारून ओरडलेच, "संदेश, हे बघ, तवसं!"

दोन दिवसांत ते पिवळं पडलं आणि गळून गेलं.

"बोट दाखवलास ना?" आईंनी विचारलं.

कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, हे तेव्हा मला पहिल्यांदा समजलं. मी डोंबिवलीत वाढले. आमच्याकडे तुळस, कढीपत्ता आणि एक मनीप्लांट. त्यातल्या कशालाच कधी फळ आलं नाही, त्यामुळे कशाला काय दाखवायचं नाही हे मला कोण शिकवणार?

"आई, माझ्या दोन्ही हातात ओले कपडे होते," मी म्हटलं. "मी बोट कुठून दाखवणार?"

"मग बगितलास कशी?"



त्यानंतर दुसरं आलं, तेही गेलं. तिसरं आलं, गेलं. प्रत्येक वेळी आई माझ्याकडे बघायच्या. नुसतं बघायच्या आणि चहा ओतायला आत जायच्या. मला रडू यायचं आणि रागही यायचा, आणि दोन्ही एकदम आलं की माझी भांडी जोरात आपटतात. संदेश बिचारा मध्ये लटकलेला. तो बाल्कनीत पाऊल टाकताना दोन्ही हात खिशात घालायचा.

"अगं, तू मनावर घेऊ नकोस," तो एकदा मला म्हणाला. "आईचं हे असंच आहे. दिव्याला हौसामावशी होती ना, भिंतीला भिंत लागून? सख्ख्या बहिणीसारख्या दोघी. एकदा तिने पत्र्याकडे बोट करून म्हटलेलं, कले, केवढं झालं गं तुझं तवसं! ते गणपतीच्या वरच्या चौकटीला टांगायचं होतं. सडलं. तेव्हापासून आई तिच्याशी बोलली नाही."

"कधीपासून?"

"मी कॉलेजला होतो."

म्हणजे इतकी वर्षं एका भिंतीला पाठ लावून झोपल्या आणि बोलल्या नाहीत. हे ऐकून माझा धीर सुटला. हौसामावशीचं असं झालं तर माझं काय होणार?

मग आईंनी वेलाला साडी घातली. खरंच घातली. आपली एक जुनी सुती साडी, निळ्या फुलांची, ग्रिलपासून दोरीपर्यंत पसरून चिमटे लावले. कोणाची नजर नको, बोट नको, कबुतर नको. संध्याकाळी पाणी घालण्यापुरती वर करायच्या की पुन्हा खाली. शेजारच्या नीलाताईंनी विचारलं, "काय हो, बाळंतीण आहे का आत?" आईंना ते आवडलं नाही.

साडीच्या आत फुलं येतच होती. आणि गळतच होती. आता तर मी त्या बाजूला फिरकतही नव्हते. कपडे बाथरूममध्ये वाळत घालत होते, घराला कुबट वास यायला लागला होता. तरी गळत होती. आई गोंधळून गेल्या. सकाळी साडी उचलून खाली पडलेलं पिवळं काहीतरी उचलायच्या, तळहातावर घेऊन बघत बसायच्या. "आता तर कोन बगीत नाय," त्या स्वतःशीच म्हणायच्या, "मग कोनाचा बोट लागला?" त्यांचा तो चेहरा बघून माझा राग कुठे ठेवायचा तेच मला कळेना.

एका सकाळी मी खिडकीतून बघितलं तर एक मधमाशी साडीवर फिरत होती. छापलेल्या निळ्या फुलावर बसली, उठली, दुसऱ्यावर बसली. कडेने चालत गेली, चिमट्यापाशी अडखळली, परत फिरली. मी दात घासत होते. माझा ब्रश तोंडातच थांबला. शाळेत फुलाची आकृती काढली होती आपण सगळ्यांनी, परागकण, पुंकेसर, बाण काढून लिहिलेली नावं. ते सगळं वहीतल्या फुलाचं असतं, बाल्कनीतल्या फुलाचा त्याच्याशी संबंध असेल असं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. काकडीच्या वेलावर नराचं फूल वेगळं, मादीचं वेगळं. एकाचा पराग दुसऱ्यावर पोचायला हवा. झाड काही उठून जात नाही. ते कोणाला तरी पाठवतं. आणि त्या कोणाला तरी आम्ही साडीबाहेर ठेवलेलं.

मी तोंड धुऊन धावत आईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, पण वेगवेगळ्या ठिकाणी अडकत होत्या.

"नर म्हंजे? एकाच वेलाला नर आनि मादी?"

"हो आई."

"नवरा-बायको एकाच घरातली, मग माशी कशाला लागते?"

"ती जवळ असली तरी त्यांना हलता येत नाही ना."

"दिव्याला मी कदी माशीला बोलवाया गेलेलं?" त्या म्हणाल्या. "मग तिकडं तवशी लागायची ती माशीची? माजी नाय?"

माझंही सगळं पक्कं नव्हतंच. ती मधमाशी नुसती चुकून आलेली असेल. गेल्या वर्षी साडी नव्हती, तरी फळ कुठे धरलेलं? मग आठवलं, सोसायटीने दोन्ही वर्षी गणपतीच्या आधी इमारतीवरची मोहोळं काढून घेतली होती, आणि त्या अर्जावर आम्हीही सह्या केल्या होत्या. तेच कारण असेल. किंवा वारा असेल. किंवा दुसरंच काही, जे आम्हा दोघींनाही माहीत नाही.

साडी काढली. आम्ही माशीची वाट बघितली. ती आली नाही. मग मी म्हटलं, आपणच करू. नराचं फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला भाग मादीच्या फुलात हलकेच टेकवायचा. माशीचं काम आपल्या हाताने.

"कोवळ्याला हात?" आईंनी हात छातीशी ओढून घेतला. "बोट दाखवला तर कुजता, आनि तू लावाया सांगतेस?"

पण वेल आता थकला होता. खालची पानं करपली होती. शेंड्याला एकच फूल शिल्लक होतं तवसं पाठीशी घेतलेलं, त्याच्यानंतर काही येईल असं दिसत नव्हतं. आई रात्रभर जाग्या होत्या हे मला पलंगाच्या आवाजावरून कळलं. सकाळी फूल उमललं तेव्हा त्या आंघोळ करून उभ्या होत्या.

मी नराचं फूल खुडून पुढे केलं.

"तुजा हात नको," त्या म्हणाल्या. "मी करतंय."

मला ते लागलं, खोटं कशाला सांगू. तरी फूल त्यांच्या हातात दिलं. त्यांना मोतीबिंदूने नीट दिसत नव्हतं. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी फूल टेकवलं आणि देवाला करतात तसा नमस्कार केला.

ते तवसं करंगळीएवढं झालं. देठ खाली वळला. घरात तीन दिवस कोणी मोठ्याने बोललं नाही. मग टोक पिवळं पडलं, आणि पुढच्या सकाळी ते कुंडीत पडलेलं होतं.

आईंनी ते उचललं. मी दारात उभी राहून वाट बघत होते, आता माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. त्या आपल्याच बोटांकडे बघत होत्या, उलटीसुलटी करून.

"माजाच बोट होता," त्या म्हणाल्या. "मी काय त्याचा वायट बगनार होतं?"

"नाही हो आई. पाऊस लागला असेल. पराग कमी पडला असेल. मलाच नीट येत नाही यातलं."

"माज्या मनात काय सुदा नव्हता गो." त्या खाली कुंडीशेजारीच बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "मग हौसाच्या मनात तरी काय होता?"

दोन दिवस त्या जेवल्या न जेवल्यासारखं करत राहिल्या. तिसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून सकाळीच माझ्यासमोर आल्या. "मला दिव्याला ने," म्हणाल्या. "हौसाकडं बी असंल. मीच दिलेला, बोलत होतो तवा."

मी ऑफिसला फोन करून गाडी काढली. माजिवड्याला तासभर अडकलो, मुंब्रा बायपासला पुन्हा. सगळ्या वाटेत आईंनी मला एकच विचारलं, "पयलं काय बोलू?" मी दोन-तीन वाक्यं सुचवली. त्या प्रत्येकाला नाही म्हणाल्या.

दिव्यात चाळीच्या चारही बाजूंनी इमारती उठल्या होत्या. हौसाबाई नळाशी हंडे लावून उभ्या होत्या. पाटणकडच्या, उंच, कपाळावर गोंदण. आईंना बघून त्यांनी हातातला हंडा खाली ठेवला.

"बी हाय का गो तवशाचा?" आईंनी विचारलं. एवढ्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

"बी कशाला, वेल हाय की," हौसाबाई म्हणाल्या. "ये. पानी भरूंदे, मग जाऊ वर." आणि खरंच पाणी भरून झाल्यावरच निघाल्या.

जिन्याच्या वरच्या पायरीवरून पत्रा दिसत होता. सगळा हिरवागार. त्यावर भुंगे आणि माश्या नुसत्या घोंगावत होत्या. मला तिथे उभ्याउभ्या हसू आलं आणि डोळे भरून आले. हौसाबाईंनी मात्र दोन्ही हात पदराखाली घेतले होते. "पाच-सा हायती," त्या म्हणाल्या. "एक मोठं हाय. तुला बियाला र्‍हाऊंदे म्हटलं तर र्‍हाईल."

"कुठं हाय?"

"त्ये काय, पानामागं."

"मला दिसत नाय."

हौसाबाईंनी हनुवटीने दाखवलं. आईंना दिसलं नाही. मग त्यांनी पदराखालून हात काढला आणि बोट दुमडून, नुसत्या पेराने दाखवलं. जुन्या बायका कोवळ्या फळाकडे असंच दाखवतात, म्हणजे ते बोट दाखवलं असं धरलं जात नाही.

आईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. दुमडलेलं बोट त्यांनी हळूहळू उलगडून सरळ केलं.

"असा दाखव," त्या म्हणाल्या.