नंबर कुणाचा द्यायचा

नवऱ्याच्या पोटातली कॅन्सरची गाठ काढून वर्ष झालं, तेव्हा रोग आणखी कुठे पसरला तर नाही ना हे पाहायला आम्ही चंद्रपूरला गेलो. सगळ्या अंगाचा स्कॅन झाला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, ‘‘रिपोर्ट कोणत्या नंबरवर पाठवू?’’ मी पिशवीतून मोबाईल काढेपर्यंत नवऱ्यानं आपल्या मोठ्या बहिणीचा नंबर सांगूनही टाकला. घडाघडा, तोंडपाठ. माझा नंबर त्याला अजून पाहून सांगावा लागतो.

‘‘आपल्या गावात रेंज कुठी रायते?’’ बसमध्ये बसल्यावर तो म्हणाला. ‘‘बाई गडचांदूरले आहे. तिथी भरपूर रेंज.’’

बोलणं खरं होतं. आमचं गाव कुरखेड्यापलीकडे जंगलात, आणि मोबाईल लागतो तो फक्त तलावाच्या पाळीवर. पण खरं असलं म्हणून काय झालं? ड्रेसिंग मी केलं, उलट्या मी साफ केल्या, आणि त्याचं पुढे काय होणार हे आधी कळणार गडचांदूरला. कुरखेडा येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानं फुटाणे पुढे केले, तेही घेतले नाहीत.

आठ दिवसांत रिपोर्ट येईल म्हणाले होते. आठाचे बारा झाले. मोठे डॉक्टर बाहेरगावी आहेत, ते पाहतील मग पाठवू, असं स्कॅनवाल्यांनी कळवलं. नणंदेला तिकडे राहवेना, म्हणून ती चार कपडे पिशवीत घालून आमच्याकडेच आली. म्हणजे ज्या रेंजसाठी तिचा नंबर दिला, ती रेंज गडचांदूरलाच राहिली. रोज सकाळी ती मोबाईल घेऊन पाळीवर जायची, अर्धा तास उभी राहायची आणि परत येऊन म्हणायची, ‘‘नाई आला आज.’’

मग दिवसभर भावाबहिणीचं चालायचं. अंगणात खाटेवर तो, खाली ती, मध्ये सुपात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगा. शेंगा सोलता सोलता लहानपणच्या गोष्टी. कुणी कुणाला बोरीवरून ढकललं, कुणी मास्तरांची सायकल तलावात नेली. नवरा खदखदून हसायचा. माझ्यासमोर मात्र त्याचं कण्हणं सुरू. कुठे दुखतं विचारलं की पाठ, पाय, डोकं, सगळंच निघायचं. माझ्या हातचं दोन घासही नको, पण तिनं त्या दाण्यांची भाजी केली की दोनदा वाढून घ्यायचा. चूल माझी, तिखट-मीठ माझं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. हसणारा माणूस तिच्या वाट्याला आणि आजारी माणूस माझ्या. नवऱ्याच्या सख्ख्या बहिणीवर कुणी असं जळतं का? मी जळत होते.

एके दुपारी माझ्या अंगणवाडीतली मुलं घरी पाठवून मी एकटीच पाळीवर गेले आणि स्कॅनवाल्यांना फोन लावला. म्हटलं, त्या बाईंचा मोबाईल बिघडला आहे, रिपोर्ट माझ्या नंबरवर पाठवा, मी पेशंटची बायको. ‘बायको’ हा शब्द जरा जोरातच निघाला.

दुसऱ्या दिवशी नणंद नेमानं पाळीकडे निघाली, तेव्हा तिच्या पाठीकडे बघून मला हसू आलं. जा, उभी राहा, मी मनात म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिच्या पायात काटा मोडला, तरी लंगडत गेली. तेव्हा सांगून टाकावंसं वाटलं. सांगितलं नाही.

चौथ्या दुपारी पाळीवर चढले आणि माझा मोबाईल वाजला. रिपोर्ट इंग्रजीत होता. अंगणवाडीच्या फॉर्मपुरतं माझं इंग्रजी, त्यात काय कळणार? तो मी तिथूनच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना पाठवला आणि दगडावर बसून राहिले. तासाभरानं त्यांचा फोन आला.

‘‘लिव्हरमध्ये गेलाय, ताई. फुप्फुसातही. आता पुन्हा ऑपरेशन करून उपयोग नाही. त्यांना घेऊन या, त्रास कमी करायचं बघू.’’

मी ‘बरं’ म्हटलं.

घरी कसं सांगायचं हे वाटेत ठरेना. सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं. एवढंच तर मी मागितलं होतं. अंगणात दोघं शेंगा सोलत होते. नवरा काहीतरी सांगत होता आणि नणंद तोंडाला पदर लावून हसत होती.

‘‘माह्यावर आजबी नाई आला,’’ मला पाहून ती म्हणाली. ‘‘चांगलं असन वं, म्हणून त्याईले घाई नाई.’’

नवऱ्यानं मान हलवली. त्यालाही ते पटलेलं दिसलं. मी मोबाईल कमरेला खोचला, तिच्या शेजारी बसले आणि सुपातल्या मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. तिला काहीच माहीत नव्हतं. तिचा भाऊ अजून बरा होणार होता. इतक्या वर्षांत मी तिच्यावर एवढी कधीच जळले नव्हते.